बारीपाड्याला पद्मश्री मिळाली, पण २०२५ उजाडलं तरी उन्हाची लाट आपत्तीच्या यादीत नाही. गावाने गावाचं केलं, दिल्लीचं काय?

रावेरकर

जानेवारी २०२५ मध्ये बारीपाड्याच्या चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून हा धागा काढतोय, जरा लांब आहे, सवडीने वाचा.

बारीपाडा ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेकडे डोंगरातलं छोटं कोकणा आदिवासी गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं झाडं तुटून डोंगर उघडे पडले होते, बायकांना पाण्यासाठी लांब जावं लागायचं. गावाने एकत्र बसून कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, राखणीच्या पाळ्या लावल्या आणि चारशे हेक्टरच्या वर जंगल परत उभं केलं. विहिरींना पाणी आलं, भात-भाजीपाला वाढला, दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा होते तिला लांबून लांबून लोक येतात. हे सगळं खरं आहे, जाऊन बघण्यासारखं आहे.

पण सत्काराच्या भाषणांमधून एक सूर सारखा ऐकू येतो की बघा, गावाने मनावर घेतलं तर काय होतं, आता प्रत्येक गावाने असंच करावं. आणि मला तिथेच राग येतो. कारण त्या वाक्याचा पुढचा भाग कोणी बोलत नाही की गावाने मनावर घेतलं, आता देशाच्या सरकारने काय मनावर घेतलंय?

माझी केळी आहे. मृगबाग (पावसाळी लागवड) पण लावतो, कांदेबाग (त्यानंतरची लागवड) पण लावतो. मागच्या काही वर्षांत आम्ही लोकांनी काय कमी केलं का? बांधाला शेवरी आणि गजराज गवत लावून वारारोधक केले, लहान रोपांना क्रॉप कव्हर घातलं, जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, ठिबक तर आमच्याकडे कधीचंच आहे. तरी मे महिन्यात जळगाव-भुसावळ-रावेर पट्टा ४५ च्या वर गेला की पानं कडेने करपतात, घड सटकतात, आणि त्यावर एक वादळ आलं की निसवलेली (घड बाहेर पडलेली) बाग अर्ध्या तासात आडवी. २०२५ ला तर मे महिनाभर वळवाने झोडपलं. शेवरीच्या चार ओळींनी किती वारा अडणार?

आणि बागेत काम करणारी माणसं? केळी कापणी, घड डोक्यावर वाहणं, ट्रक भरणं. पहाटे सुरू करून दहाच्या आत उरकायचं ठरवतो पण ट्रक आला नाही तर दुपार होतेच. माणूस चक्कर येऊन पडला तर त्याची नोंद कुठे होते?

आता मुद्दा. केंद्राच्या आपत्तीच्या यादीत, म्हणजे ज्या आपत्तीला एसडीआरएफमधून (राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून) मदत मिळते त्या यादीत, दुष्काळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, भूकंप आहे, त्सुनामी आहे, थंडीची लाट सुद्धा आहे. उन्हाची लाट मात्र २०२५ पर्यंत नाही. राज्यांनी ही मागणी १५ व्या वित्त आयोगाकडे केली होती, आयोगाने मान्य केली नाही. म्हणजे थंडीने माणूस गेला तर देशाच्या हिशोबात आपत्ती, आणि भुसावळच्या यार्डात उन्हाने हमाल गेला तर काहीच नाही. हे खान्देशातल्या माणसाने कसं समजून घ्यायचं?

दुसरं. २०१५ साली केंद्राने हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी राष्ट्रीय अनुकूलन निधी काढला होता, नाबार्डमार्फत. देशभरात मिळून ३० प्रकल्प, साडेआठशे कोटींच्या आसपास मंजुरी. एवढ्या मोठ्या देशाला तेवढा पैसा, आणि २०२२ नंतर ती योजना म्हणून गुंडाळलीच. २००८ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात आठ मिशन. त्यातल्या ग्रीन इंडिया मिशनने दहा वर्षांत ५० लाख हेक्टर नवं वनाच्छादन आणि ५० लाख हेक्टर जुन्याची सुधारणा असं ठरवलं होतं, ती दहा वर्षं कधीच उलटून गेली. २०२१ ला ग्लासगोला २०७० चं नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेणं) जाहीर केलं. २०७० ला माझा नातू म्हातारा झालेला असेल. आणि या सगळ्यावर देशात एक सलग कायदा नाही, हे मी नाही म्हणत, सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये लिहून ठेवलंय, आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे हे पण त्याच निकालात आहे.

तुमच्या गावात काय काम झालं आणि ते कुठे जाऊन अडलं ते लिहा. नुसतं सरकारला शिव्या देऊ नका, नेमकं लिहा.

पांझराकाठ

रावेरकर, चांगला विषय काढला. आमच्या पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये.

नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पांझरेवर, मोसमवर दगडी बंधाऱ्यांची साखळी आहे, तीनशे-चारशे वर्षांची. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा आणि हे सगळे मिळून ठरवायचे. प्रत्येकाचा तुकडा सगळ्या फडांत असतो त्यामुळे कोणा एकाचं नुकसान होत नाही. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, मजुरी धान्यात. ना इंजिन ना वीज. पाणी कमी पडलं तर काय करायचं हे आधीच ठरलेलं, आज ज्याला अनुकूलन म्हणतात ते हेच ना?

मग काय झालं? वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचं बारमाही वाहणं थांबलं. पाणी कधी सोडायचं हे पाटकरी ठरवायचा ते आता ऑफिसात ठरतं. विहिरींवर मोटारी आल्या, ज्याच्याकडे पैसा त्याने विहीर खोदली, फडात त्याला रस राहिला नाही. बंधारे गाळाने भरले. काही ठिकाणी फड अजून चालू आहेत पण थोडेच.

मला एवढंच म्हणायचंय की स्थानिक काम कितीही चांगलं असो, त्याच्या वरच्या अंगाला कोण काय करतं यावर ते टिकतं. फड गावाने मोडला नाही. आणि हे झालं तेव्हा गावाला कोणी विचारलं सुद्धा नव्हतं.

जंक्शनवाला

मी भुसावळचा, वीज क्षेत्रात नोकरी केलेली आहे, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

केंद्राने काहीच केलं नाही हे म्हणणं बरोबर नाही. देशाच्या स्थापित वीज क्षमतेतली निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) आहे, २०३० चं लक्ष्य होतं ते २०२५ मध्येच गाठलं, जुलै २०२५ मध्ये तसं जाहीर झालंय. साक्रीला शिवाजीनगरचा सोलर प्रकल्प बघा, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघा, देशातल्या मोठ्या पवन प्रकल्पांपैकी एक आपल्या खान्देशात आहे. आणि भारतात माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. अमेरिका-युरोपने शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळला आणि आज आपल्याला शिकवतात. दीपनगर (भुसावळजवळचं कोळशावरचं वीज केंद्र) बंद करा म्हणणं सोपं आहे पण रात्री तुमच्या कृषीपंपाला वीज कुठून येते ते बघा. तिथे हजारो घरं चालतात.

बारीपाड्याचं काम मोठंच आहे पण देश एका पाड्यासारखा चालवता येत नाही.

रावेरकर

जंक्शनवाला साहेब, राग कशाला, तुमच्यासारख्या माणसाने लिहिलं हे बरंच झालं.

क्षमतेचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं मला कौतुक पण आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष तयार झालेली वीज यात फरक आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०२४-२५ मध्ये सुद्धा देशात तयार झालेल्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या वर कोळशाची आहे, आणि त्याच वर्षी देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या पुढे गेलं आणि ते आनंदाची बातमी म्हणून सांगितलं गेलं. दीपनगरलाच नवा ६६० मेगावॉटचा संच उभा राहिला. मी उद्या बंद करा म्हणत नाही, मला पण रात्री मोटर चालवायची आहे.

पण समजा उत्सर्जनाचा तुमचा पूर्ण मुद्दा मान्य केला. अमेरिकेने कचरा केला, आपण कमी केला, बरोबर. मग ज्याचा आपल्यावर मार पडतोय त्याच्यापासून आपल्या माणसाला वाचवणं हे तरी आपल्याच सरकारचं काम आहे ना? अनुकूलन निधी गुंडाळला तो अमेरिकेने नाही गुंडाळला. उन्हाची लाट यादीत घ्यायला पॅरिस हवामान कराराची परवानगी लागत नाही. उत्सर्जनाचं बोलायला गेलं की आपण गरीब देश आहोत, आणि गरिबाला मदत करायची वेळ आली की ते राज्याचं काम, राज्य म्हणतं जिल्ह्याचं, जिल्हा म्हणतो ग्रामपंचायतीने वृक्षारोपण करावं. माझी तक्रार ती आहे.

सातपुड्याची लेक

मी धडगाव तालुक्यातली, आता नंदुरबारला शिक्षिका आहे. इथं सगळे जंगल राखलं राखलं म्हणतायत पण जंगल राखायचा हक्क कुणाचा हे पण बोलायला पाहिजे.

आमच्याकडे उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, चारोळी, मग आमचूर. गावठी आंबे सोलून, फोडी करून पत्र्यावर, खडकावर वाळत घालतात. घराघरात आमचुराचा पैसा म्हणजे पोरांची शाळा आणि पावसाळ्याचं धान्य. २०२५ च्या मे महिन्यात पाऊस आला, फोडी काळ्या पडल्या, काळा आमचूर व्यापारी पडत्या भावात घेतो. नंदुरबारच्या पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजते तेव्हा निदान पेपरात फोटो येतो, आमचूर भिजला तर कोणाला कळत पण नाही. त्याला विमा नाही, पंचनामा नाही, कारण ते शेतातलं पीक म्हणून धरलंच जात नाही.

आता हक्काचं. रावेरकर दादा, तुम्ही म्हणता केंद्राने काय केलं, तर एक गोष्ट केंद्राने खरंच मोठी केली, २००६ चा वनहक्क कायदा. त्यात ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आहे. बारीपाड्याने सुरुवात केली तेव्हा हा कायदा नव्हता, तेव्हा १९९० च्या केंद्राच्या पत्रकातून संयुक्त वन व्यवस्थापन आलं होतं, त्यात अधिकारी वन खात्याचा आणि मेहनत गावाची. २००६ च्या कायद्याने गावाला मालकासारखं उभं राहता येतं. पण दावे किती वर्षं पडून राहतात, दावा मंजूर झाला तरी नकाशा मिळत नाही, व्यवस्थापनाचा आराखडा करायला पैसा नाही.

पैसा नाही असं पण नाही. प्रकल्पासाठी जंगल तोडलं की भरपाई वनीकरणाचे पैसे जमा होतात ना, २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना त्यातले ४७ हजार कोटींच्या वर दिले. ते वन खात्याकडे गेले. ज्या ग्रामसभा जंगल राखतात त्यांच्या हातात त्यातलं काय आलं? आणि २०२२ च्या नव्या नियमांनी तर केंद्राने जंगल वळवायला मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती बघायची अटच काढली, ते राज्यावर सोडलं. म्हणजे एका हाताने पद्मश्री द्यायची आणि दुसऱ्या हाताने ग्रामसभेला बाजूला सारायचं.

वाईट वाटतं हो. माझी आजी जंगलात जाताना पहिल्या मोहाच्या झाडाला हात जोडायची. तिला कुणी पर्यावरण शिकवलं नव्हतं.

डांगर्यानं पोर

ताई तुम्हनं म्हननं खरं शे. आम्हना गावमा बी तेच. झाडं लावानं काम गाववालासनं आनि फोटोमा उभं राहानं काम दुसरासनं.

अमळनेरकर

मी श्रमदानाबद्दल लिहितो कारण त्यात मी स्वतः घमेलं उचललंय. २०१८ च्या वॉटर कपमध्ये (पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत) आमचा तालुका होता. दिवसभर ऊन म्हणून रात्री सीसीटी (डोंगरउतारावरचे सलग समतल चर) खोदायचो, बायका, म्हातारी माणसं, पुण्या-मुंबईला नोकरी करणारी पोरं सुट्टी काढून आली होती. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारी घरं एका चरावर काम करत होती. ते दिवस मी कधी विसरणार नाही. पाऊस आला तेव्हा चर भरले, विहिरींना पाणी वाढलं.

पुढे काय झालं ते पण प्रामाणिकपणे लिहितो. पाणी वाढलं तसे बोअर वाढले. पाण्याचा ताळेबंद मांडायचा असं ठरलं होतं, पहिल्या वर्षी मांडला, नंतर कोण मांडतो. ज्वारी-बाजरीच्या शिवारात बारमाही पिकं आली. चरांची दुरुस्ती करायला श्रमदान परत होत नाही कारण स्पर्धा संपली, आणि दरवर्षी माणसाने फुकट का राबावं, हा प्रश्न पण आहेच. रोजगार हमीतून ते काम दरवर्षी व्हायला पाहिजे, पण मजुरी महिनोन् महिने अडकते म्हणून मजूर तिकडे फिरकत नाही. म्हणून मला वाटतं गावाचा उत्साह हा सुरुवातीला लागतो, पुढची दहा-वीस वर्षं चालवायला नियम आणि पैसाच लागतो.

आणि आमच्याकडे तापीवरचं पाडळसे धरण, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, अजून पूर्ण नाही. त्याच्या आशेवर म्हातारी झालेली माणसं गेली. जलयुक्तपासून गाळमुक्त धरणापर्यंत सगळ्या योजना आल्या पण हे एक काम कुठल्याच सरकारला जमलं नाही. मला माहीत आहे धरण म्हणजे पर्यावरण नाही असं कोणी म्हणेल, पण तापी आमच्या डोळ्यासमोरून गुजरातेत उकई धरणाला जाते आणि मार्चपासून टँकर येतो तेव्हा काय बोलायचं.

काळा पाषाण

भूजलात काम करतो. शिरपूर पॅटर्नचा विषय अजून कसा आला नाही, म्हणून लिहितोय.

सुरेश खानापूरकर सरांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खोल करून त्यावर सिमेंट बंधाऱ्यांची साखळी केली. त्यामागे भूशास्त्र आहे. आपल्या खान्देशात दोन वेगळे प्रकार आहेत, एक बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण आणि दुसरा तापीकाठचा गाळाचा पट्टा. गाळाच्या पट्ट्यात वर पिवळ्या मातीचा जाड थर असतो, पाणी त्यातून खाली उतरत नाही. तो थर कापला तर खालच्या वाळूच्या थरात पाणी जातं. त्या तालुक्यात विहिरी जिवंत झाल्या हे लोकांनी डोळ्यांनी बघितलंय.

अडचण नंतर झाली. राज्यभर लोकांनी फक्त खोदकाम उचललं, खाली खडक कुठला आहे ते न बघता पोकलेन घातले. कठीण पाषाणात जास्त खोल गेलं की शेजारच्या विहिरीचं पाणी नाल्यात निघून येतं, म्हणजे उलटंच. स्थानिक प्रयोग दुसरीकडे न्यायचा तर त्याच्यामागे अभ्यास न्यावा लागतो आणि तो गावाच्या आवाक्यातला नाही, तिथे शासनाची यंत्रणा, नकाशे, मोजणी लागते.

रावेर-यावलच्या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा झोन आहे, मोठमोठे दगडगोटे आणि वाळू, तिथे पाणी सोडलं तर ते झिरपत जाऊन केळीच्या पट्ट्याला मिळू शकतं. तापी मेगा रिचार्जची सगळी कल्पना त्यावर उभी आहे. ही चर्चा मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय आणि महाराष्ट्र-मध्य प्रदेशचा करार १० मे २०२५ ला भोपाळला झाला, साधारण ३१ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. दोन राज्यांची सीमा, सातपुड्याचं जंगल, हजारो कोटींचा खर्च. हे काम कुठल्याही ग्रामपंचायतीने श्रमदानाने होणार नाही. आणि एवढ्या वर्षांत केळीवाल्यांनी बोअर अजून खोल नेले, तेही लिहिलं पाहिजे रावेरकर. पाणी कमी होत चाललेल्या पट्ट्यात केळीचं क्षेत्र वाढत गेलं.

रावेरकर

काळा पाषाण, बरोबर आहे. वडिलांच्या वेळी विहिरीवर भागायचं, आता शेकडो फूट बोअर आहे. केळीला पर्याय काय यावर आमच्याकडे चर्चा होते पण ज्या पिकाला ट्रक बांधावर येतो आणि रोख पैसे मिळतात ते पीक माणूस एकदम सोडत नाही. पाण्याच्या बदल्यात दुसऱ्या पिकाला भावाची हमी दिली तर लोक ऐकतील. ती हमी पुन्हा दिल्लीच देऊ शकते.

विम्याचं राहिलं. केळीला हवामानावर आधारित विमा आहे. सलग ठराविक दिवस ठराविक अंशाच्या वर तापमान गेलं की भरपाई. पण तापमान मोजलं जातं महसूल मंडळातल्या एका यंत्रावर. ते यंत्र कुठे बसवलंय, झाडाखाली की मोकळ्यावर, त्याच्या रोजच्या नोंदी काय, हे शेतकऱ्याला दिसत नाही. आमच्या शेजारच्या शिवारात बाग भाजून निघाली आणि कंपनीकडून उत्तर आलं की तुमच्या मंडळात निकष पूर्ण झाले नाहीत. त्या माणसाने कोणाकडे दाद मागायची?

जंक्शनवाला

सगळं वाचलं. धडगावच्या ताईंनी आमचुराचं लिहिलं ते मला माहीतच नव्हतं, पंचनाम्यात ते यायलाच पाहिजे.

थंडीची लाट यादीत आहे आणि उन्हाची नाही हे वाचून मी स्वतः तपासलं, खरं आहे. यावर मी तुमच्या बाजूने आहे. रेल्वे यार्डात, दीपनगरच्या बॉयलरपाशी मे महिन्यात काम करणारा माणूस मी जवळून बघितलाय. कंत्राटी मजूर उन्हात काम करत नाही म्हटलं तर त्याचा खाडा पडतो.

तरी एक म्हणतो. सगळंच दिल्लीच्या माथी मारू नका. गिरणा नदीची वाळू दिल्लीने नेली नाही. वाळूच पाणी धरून ठेवते, ती गेली म्हणून काठच्या विहिरी आटल्या, आणि ती आपल्याच तालुक्यातल्या लोकांनी आपल्याच ट्रॅक्टरने रात्री नेली. २०२१ च्या ऑगस्टच्या शेवटी चाळीसगावला तितूर-डोंगरीला पूर आला, बाजारपेठ पाण्यात गेली, जनावरं वाहून गेली. पाऊस ढगातून पडला हे खरं पण नदीचं पात्र अरुंद कोणी केलं? अतिक्रमण काढायला गेलं की पहिला फोन आपल्याच नगरसेवकाचा येतो.

पांझराकाठ

जंक्शनवाला, वाळूबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे काही गावांनी ट्रॅक्टर अडवले, रात्री पोरं पहारा देत होती. त्यांच्यावरच उलट केस झाल्या. म्हणजे गाव स्वतःहून उभं राहिलं तर त्याच्या पाठीशी कोणी नाही. इथे दिल्ली नाही, आपला मुंबईचा आणि तालुक्याचाच कारभार आहे, मान्य. पण म्हणून दिल्ली सुटत नाही. दोन्हीकडे बोलायला हवं, आणि कुठलं काम कोणाचं ते नेमकं ओळखून बोलायला हवं, नाहीतर निवेदन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतं.

सातपुड्याची लेक

ब्राह्मणवेलचं नाव आलं म्हणून एक सांगते. पवनचक्की चांगली, सोलर चांगलं, मी विरोधात नाही. पण साक्रीच्या पठारावर ज्या आदिवासी घरांच्या डोक्यावर पाती फिरतात त्या घरांना त्या विजेतून काय मिळालं हे जाऊन विचारा. रस्त्यासाठी डोंगर कापला, वनजमिनीवर ज्यांचे दावे होते त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. स्वच्छ वीज पण ग्रामसभेला विचारूनच यायला पाहिजे. आणि शहरातल्या ताईलोकांसाठी म्हणून नाही सांगत, पण उन्हाचा पहिला मार बायकांना बसतो, पाणी आणणं, मोह वेचणं, चुलीपाशी बसणं, सगळं उन्हात. माझ्या शाळेचा पत्रा मार्चमध्येच तापतो, मुलींना भोवळ येते. शाळा सकाळची केली तर घरी पत्र्याखालीच बसतात.

अमळनेरकर

मग करायचं काय ते बोलूया. १५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आहे. सगळ्यांनी आपापल्या गावात एकच ठराव मांडला तर? एका गावाचा कागद कोणी वाचत नाही, तिन्ही जिल्ह्यांतून आले तर निदान पालकमंत्र्याच्या बैठकीत विषय निघेल.

रावेरकर

हेच डोक्यात होतं. कच्चा मसुदा टाकतो, दुरुस्त करा.

ही ग्रामसभा ठराव करते की उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत घ्यावी आणि तिच्यात मृत्यू झालेल्या मजुराच्या कुटुंबाला इतर आपत्तींप्रमाणे मदत मिळावी. हवामान अनुकूलनासाठी केंद्राने स्वतंत्र निधी पुन्हा सुरू करावा आणि त्याचा ठरलेला हिस्सा थेट ग्रामसभांना द्यावा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना व्यवस्थापन आराखड्यासाठी भरपाई वनीकरण निधीतून पैसे द्यावेत. पीकविम्याच्या हवामान केंद्राच्या रोजच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. आमचूर, मोह, चारोळी यांच्या नुकसानीचा पंचनामा व्हावा.

पांझराकाठ

मसुदा चांगला आहे, पण सगळं एका कागदात घालू नका, अनुभवाने सांगतो. यादीचा ठराव वेगळा करा, तो केंद्राच्या गृह मंत्रालयाचा विषय आहे, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवा आणि प्रत खासदाराला द्या, संसदेत प्रश्न टाका म्हणून. त्यातच राज्याला एक उपमागणी घाला, एसडीआरएफमधली १० टक्क्यांपर्यंतची रक्कम राज्य स्वतः ठरवलेल्या स्थानिक आपत्तीवर खर्च करू शकतं, तेव्हा केंद्र यादी बदलेपर्यंत राज्याने उन्हाची लाट त्यातून धरावी. हवामान केंद्राच्या नोंदींचा आणि पंचनाम्याचा ठराव तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. वनहक्काचा प्रांत कार्यालयाकडे, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेली गावं असतील तर ग्रामसभा पाड्याची घ्या, गटग्रामपंचायतीची नको.

सातपुड्याची लेक

पाड्याची ग्रामसभा घेणं शक्य आहे. आमच्याकडे ठराव मराठीत वाचला की निम्म्या बायका उठून जातात, मी पावरीत (पावरा आदिवासींच्या बोलीत) वाचून दाखवीन. आमचुराच्या ओळीत "घरगुती वाळवण" असं लिहू नका, त्यावरून लगेच फेटाळतील. "गौण वनोपज व त्यावर प्रक्रिया केलेला माल" असं लिहा.

जंक्शनवाला

भुसावळ शहरात ग्रामसभा नाही, पण कंत्राटी कामगारांच्या दुपारच्या सुट्टीचं निवेदन मी टाईप करून देतो, सह्या जमवायला माणसं आहेत. रावेरकर, मसुद्याची वर्ड फाईल पाठवा.